चौथ्या आवृत्तीचा राखणदार

१

लहबीब ऊलहाज आपल्या खोलीत पालथा पडलेला सापडला, तो ईदनंतरचा पहिला सोमवार होता. डोक्यामागे घाव होता आणि शेजारी आग विझवायचं लाल नळकांडं आडवं झालेलं. टेबलावर आमलूची बरणी होती. बदाम, मध आणि अर्गानचं तेल घोटून केलेलं ते त्याच्या गावचं आमलू त्याने सकाळीच कासाब्लांकाला आणलं होतं. रात्रभर बसमध्ये मांडीवर बरणी सांभाळत आलेल्या माणसाला कुणीतरी मागून घाव घालून मारलं. असली हलकट कामं समोरून करायची हिंमत कुणात नसतेच म्हणा.

पोलिसांना फोन केला तो इमारतीचा राखणदार बुआज्जाने. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी. आणि त्या एका फोनने तोच अडकला.

पोलीस कमिसार तौरिया लमरीनी मंगळवारी सकाळी ठाण्यावर आली तेव्हा बुआज्जा कोठडीत होता आणि इन्स्पेक्टर नौफल खुशीत होता. आदल्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, रमजानपुरती मागे घेतलेली देशाची घड्याळं पुन्हा एक तास पुढे गेली होती आणि सगळं शहर अर्धवट झोपेत चिडचिडत होतं. तौरियाही. त्यात तिचे गुडघे दुखत होते आणि समोर नौफलचे दात दिसत होते.

"लल्ला, काम झालंय," तो म्हणाला. ठाण्यावर सगळे तिला लल्ला, म्हणजे बाईसाहेब, म्हणत. "सरळ केस आहे. तुम्ही फक्त सही करा."

"सरळ केस मी सत्तावीस वर्षांत एकदाच पाहिली. ती पण नंतर वाकडी निघाली. बोल."

नौफलने एक कागद पुढे सरकवला. चौथ्या मजल्यावरच्या त्या खोलीचं दार कार्डाने उघडतं आणि कोणाचं कार्ड कधी लागलं त्याची नोंद होते. सोमवारच्या दुपारनंतर दोनच नोंदी होत्या. चार वाजून दहा मिनिटांनी कंपनीचे संचालक अब्देलइलाह स्काली. पाच वाजून दोन मिनिटांनी राखणदार बुआज्जा.

"आता बघा. लहबीब त्याच्या बायकोशी फोनवर बोलला चार चाळीस ते चार पन्नास. टेलिफोन कंपनीने लिहून दिलंय. म्हणजे स्काली भेटून गेल्यानंतर माणूस जिवंत होता. डॉक्टर म्हणतात, मरण पाच ते सहाच्या मधलं. आणि पाच-दोनला आत गेला कोण? बुआज्जा. फोन केला कधी? सहा-दहाला. एक तास आठ मिनिटं हा माणूस प्रेताबरोबर काय करत होता? लहबीबचा लॅपटॉप गायब आहे. चोरताना सापडला, मारला, लॅपटॉप लपवला, मग रडत फोन केला."

"लॅपटॉप मिळाला?"

"मिळेल. अजून नीट विचारलं नाहीये."

'नीट विचारणं' म्हणजे काय ते तौरियाला माहीत होतं. गुरुवारी सकाळी नऊ वाजता बुआज्जाला सरकारी वकिलापुढे उभं करायचं होतं. तिथून तो तुरुंगात गेला असता, आणि एकसष्ट वर्षांचा, साखरेचा आजार असलेला राखणदार त्या तुरुंगातून परत आला असता असं मानायला काही कारण नव्हतं.

तिने अहवाल पुन्हा चाळला. सहा वीसला पोचलेल्या शिपायाने एक ओळ लिहिली होती: 'दाराजवळ जमिनीवर चहाची किटली व दोन पेले. चहा गरम.'

२

"लहबीब मला मानाने म्हणाला, सी बुआज्जा, सहाला वर या, तुमच्यासाठी आमलू आणलंय," बुआज्जा सांगत होता. गुडघे जवळ घेऊन तो कोठडीतल्या बाकावर बसला होता. त्याचे बूट काढून घेतले होते, त्यामुळे पाय कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. "दर ईदला आणतो. मी म्हटलं, मग चहा माझा. पुदिना घालून किटली भरली, वर गेलो, दार उघडलं. बस. किटली ठेवली का पडली ते पण आठवत नाही. खाली धावलो आणि फोन केला."

"वर किती वाजता गेलात?"

"सहाला."

"मशीन म्हणतंय पाच-दोन."

"हो, ते साहेबांनी दाखवलं मला." त्याने मान खाली घातली. "मी सहा म्हणतो, बाई. पण मशीनला माझ्याशी काय वैर आहे? ते खोटं कशाला बोलेल? घड्याळ पण नुकतंच बदललेलं. माझंच काहीतरी..."

"तुमच्या हातात घड्याळ होतं?"

"फोनमध्ये बघितलं होतं. असं वाटतं तरी. कालपासून साहेब विचारतायत, तासभर काय केलंस, तासभर काय केलंस. आता मलाच वाटायला लागलंय की केलं असेल काहीतरी."

तौरियाला ते ऐकवलं नाही. मार खाऊन खोटं बोलणारी माणसं तिने ढिगाने पाहिली होती. पण स्वतःवरचाच विश्वास उडालेला माणूस क्वचितच पाहिला होता.

बाहेर आल्यावर ती नौफलला म्हणाली, "तासाभराने चहा गरम कसा राहिला रे?"

"नंतर करून आणला असेल. दाखवायला."

"खाली येऊन चहा करून परत वर गेला, तर कार्ड पुन्हा लागलं असतं. नोंद एकच आहे."

"दार उघडं ठेवून गेला असेल. लल्ला, किटलीवर कुणी सुटतं का? मशीनचा कागद आहे आपल्याकडे!"

म्हणजे एका बाजूला किटली, दुसऱ्या बाजूला मशीन. आणि हल्ली मशीनपुढे कोण जिंकतं ते सांगायला नको.

३

'सिद्रा' हे वेबसाइट बांधायचं सॉफ्टवेअर होतं, आणि ते बनवणाऱ्या कंपनीचं नावही तेच. घर बांधणाऱ्याला तयार चौकटी, दारं, खिडक्या मिळाव्यात तसं. देशातल्या कितीतरी दवाखान्यांची, शाळांची, नगरपालिकांची कामं त्यावर चालायची. दर सहा महिन्यांनी त्याची नवी आवृत्ती यायची आणि जुनी सहा-आठ महिन्यांत मरायची. पण मध्येच एखाद्या आवृत्तीला पाच वर्षांचं वचन मिळायचं: हिला आम्ही सोडणार नाही, हिच्या सुरक्षेत भोक पडलं तर बुजवून देऊ. गरीब दवाखाने तीच धरून बसायचे. तसं वचन मिळालेल्या चौथ्या आवृत्तीचं काम पाच वर्षं एकटा लहबीब बघत होता. आणि वचनाची मुदत एकतीस मार्चला, नेमकी ईदच्या दिवशी, संपली होती.

अब्देलइलाह स्काली सुटाबुटातला, मऊ बोलण्याचा माणूस. त्याने तौरियाला बदामाचे काप पुढे केले आणि डोळे टिपले.

"लहबीब म्हणजे घरचा माणूस, लल्ला. थोडा हट्टी. चौथी संपली हे त्याला पटत नव्हतं. मी म्हणायचो, अरे बाबा, म्हातारीला किती दिवस सलाइन लावणार? लोकांनी नवी चौदावी आवृत्ती घ्यावी, त्यासाठीच तर आपण मेहनत केली."

"सोमवारी तुम्ही वर गेला होतात."

"गेलो होतो की. नोंद आहेच. चार-दहाला गेलो, वीसेक मिनिटं बोललो, साडेचारला खाली आलो. तेव्हा चांगला हसतखेळत होता. पावणेसहापासून मी पाहुण्यांबरोबर हॉटेलात होतो. मार्सेयची मंडळी कंपनी विकत घेतायत, त्यांची माणसं आली आहेत. चार साक्षीदार देतो तुम्हाला."

"नोंदीचा कागद पोलिसांना कोणी दिला?"

"मीच छापून दिला. म्हटलं, पोलिसांना मदत नको का करायला?"

हे सगळं त्याने लिहून सही करून दिलं. अक्षर सुरेख होतं.

नव्या आवृत्तीची प्रमुख गिझलान वझ्झानी मात्र मऊ नव्हती. पस्तिशीची, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल, रडून सुजलेले डोळे आणि तोंड तिखट.

"भांडण होतं का त्याच्याशी? होतं. रोज होतं. मी त्याला म्हणायचे, सी लहबीब, तुम्ही मढं सांभाळताय. तो म्हणायचा, पोरी, तुझी दर सहा महिन्यांनी बाळंत होते, मग मागच्या पोरांकडे बघणार कोण? असं चालायचं आमचं. ईदला न चुकता माझ्या आईला फोन करायचा तो. लिहून घ्या, हवं तर. संशयितच आहे ना मी?"

"सगळेच आहेत. सोमवारी दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"इथेच, तिसऱ्या मजल्यावर. स्काली साहेब माझ्याच खोलीत होते, मार्सेयच्या लोकांशी स्क्रीनवर बोलणं चाललं होतं. ते संपलं आणि असरची अजान सुरू झाली. साहेब म्हणाले, वर लहबीबकडे जाऊन येतो. मी नमाजाला उभी राहिले. परत आले तेव्हा मी पत्र लिहीत होते. म्हणाले, सगळ्या गिऱ्हाइकांना कळव, चौथीला यापुढे काहीही मिळणार नाही. आणि तसेच बाहेर गेले."

तौरियाने वहीत लिहिलं: अजान झाली, स्काली वर गेला. समोर कागदावर चार-दहा होतंच. महिनाभर चारच्या आसपास असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची, अजान ऐकून उपास सुटायचे तास मोजले होते सगळ्यांनी. जुळलं. तिने पान उलटलं.

"चौथीवरून इतकं काय पेटलं होतं?" तिने विचारलं.

गिझलानने दार लावून घेतलं. "डिसेंबरमध्ये चौथीत एक भोक सापडलं. त्यातून कोणीही दवाखान्याच्या याद्या बदलू शकतो, पुसू शकतो. लहबीबने आठ दिवसांत ते बुजवायची दुरुस्ती तयार केली. साहेबांनी ती गिऱ्हाइकांसाठी सोडू दिली नाही. मुदत संपू दे म्हणाले, मग लोक झक मारत चौदावी घेतील."

"आणि?"

"आणि रमजानच्या शेवटच्या आठवड्यात डोंगरातल्या एका छोट्या दवाखान्याची यादी कोणीतरी पुसली. डायलिसिसचे पेशंट. दोन जणांची पाळी चुकली, त्यातली एक बाई गेली. तिथल्या परिचारिकेने लहबीबला गावी फोन केला. ईदच्या दिवशी." तिने बाहीने नाक पुसलं. "तो सोमवारी आला तो दुरुस्ती सोडायला आणि भोक कधी कळलं त्याची तारीख जाहीर करायला. मला म्हणाला, पोरी, भोक मुदतीच्या आत सापडलं, म्हणजे ते बुजवणं आपल्यावर आहे. वचन म्हणजे वचन."

तौरियाला आता स्कालीचं कारण समजलं होतं. पण कारण असून उपयोग काय? लहबीब चार पन्नासला बायकोशी बोलत होता, आणि स्काली कागदावर तरी साडेचारलाच खाली उतरला होता.

४

बुधवारी दुपारी नौफलचा फोन आला. आवाजात ढोल वाजत होते.

"कबूल केलं! बुआज्जाने सगळं कबूल केलं. अंगठा नाही, सही केलीये. लॅपटॉप समुद्रात फेकला म्हणतो."

"सहा-दहाच्या आत समुद्रावर जाऊन आला? पायी?"

"तपशील नंतर बसवू."

"बसवू?" तौरिया इतक्या जोरात ओरडली की टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिलं. "तपशील बसवायला तू काय शिंपी आहेस?"

तिने फोन बंद केला. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची सगळी तयारी झाली होती, आणि तिच्या हातात एक किटली सोडून काही नव्हतं. उद्या नऊ वाजता सगळं संपणार होतं.

ती लहबीबच्या खोलीत गेली. सीलबंद दार शिपायाने बुआज्जाच्या जप्त कार्डाने उघडून धरून ठेवलं होतं. कोपऱ्यात ते जुनं मशीन घरघरत होतं. मशीन अजून चौथ्या आवृत्तीवर चालत होतं, आणि इमारतीच्या दारांची नोंदही तेच ठेवत होतं. लहबीबने ते हट्टाने चालू ठेवलेलं. म्हणायचा म्हणे, गिऱ्हाइकांनी जे खायचं ते आपणही खावं.

खणात एक निळी वही होती. बारीक अक्षरात पाच वर्षांची देखभाल लिहिलेली. काय बिघडलं, काय सांधलं. तौरियाला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी ती पानं उलटत राहिली. मेलेल्या माणसाचं अक्षर बघून तिला उगाच भरून आलं.

तेवढ्यात खिडकीबाहेर असरची अजान सुरू झाली. तिने सवयीने मनगटाकडे पाहिलं.

पाच वाजून नऊ मिनिटं.

ती पाहतच राहिली. पाच-नऊ? असर चारला असते. मग डोक्यात उजेड पडला. चारला असते ती रमजानात, घड्याळं एक तास मागे असताना. रविवारी घड्याळं पुढे गेली. सूर्य काही सरकारी फर्मान वाचून ढळत नाही, अजान त्याच्या जागी राहिली आणि तिच्यावरचा आकडा पाच झाला. सोमवारीही पाचच. महिन्याभराच्या सवयीने तिने, तौरियाने, गिझलानच्या तोंडची अजान स्वतःच चारवर नेऊन बसवली होती!

म्हणजे स्काली वर गेला पाच-दहाला. मग मशीन चार-दहा का म्हणतं?

"दार लाव," ती शिपायाला म्हणाली. "आणि बुआज्जाचं ते कार्ड दे इकडे."

ती बाहेर गेली, कार्ड लावलं, आत आली आणि मशीनच्या पडद्यावर उठलेली ओळ बघायला वाकली. तिच्या घड्याळात पाच-तेरा होते.

पडद्यावर होते चार-तेरा.

५

तासाभराने स्कालीच्या खोलीत चौघं होती. स्काली, गिझलान, तौरिया, आणि तोंड पाडून उभा असलेला नौफल. तौरियाने निळी वही टेबलावर ठेवली.

"गिझलान, हे मला समजावून सांगा. दर वर्षी दोन नोंदी आहेत. रमजानच्या आधी 'घड्याळ मागे', ईदनंतर 'घड्याळ पुढे', आणि खाली सही."

गिझलानने वही ओढून घेतली. "चौथी जुनी आहे. आपल्याकडचं रमजानचं घड्याळ तिला कळत नाही. नव्या आवृत्त्यांना, फोनना कळतं, ते आपोआप बदलतात. चौथीचं मशीन लहबीब हाताने..." ती थांबली. शेवटच्या पानावर या वर्षीचं 'मागे' होतं. 'पुढे' नव्हतं. "रविवारी तो गावाला होता. सोमवारी आला तो त्या बाईचं ओझं घेऊन. विसरला असणार. या अल्लाह, मशीन एक तास मागे आहे!"

"मागे आहे. मी कार्ड लावून पाहिलंय." तौरिया नौफलकडे वळली. "आता तुझ्या कागदातल्या दोन्ही नोंदींत एक तास मिळव. बुआज्जा कधी वर गेला?"

नौफलने ओठ ओले केले. "सहा-दोन."

"फोन केला सहा-दहाला. खाली धावायला आणि छाती आवरायला आठ मिनिटं. शिपाई आला सहा-वीसला, तेव्हा चहा गरम. तो एक तास कुठे गेला रे, ज्याच्यासाठी तू त्याला तीन दिवस पिळलास?"

नौफलने कागदाची घडी घातली.

"आणि स्काली साहेब वर गेले पाच-दहाला. लहबीबने बायकोचा फोन ठेवल्यावर वीस मिनिटांनी. डॉक्टरांच्या पाच ते सहाच्या बरोबर आत. खाली येऊन पावणेसहाला हॉटेलात पोचायला वेळच वेळ."

स्काली हसला. हसू छान जमलं होतं. "लल्ला, मशीनचं घड्याळ चुकलं ही वाईट गोष्ट आहे. बिचारा बुआज्जा. पण घड्याळ चुकलं म्हणून मी खुनी ठरतो का? मी कागदात जे होतं तेच सांगितलं. माझीही फसगत झाली."

"अच्छा. गिझलान, मार्सेयवाल्यांशी बोलणं कधी सुरू झालं, कधी संपलं?"

"चार-पाच ते पाच-पाच. फोनमध्ये आहे सगळं, हे बघा. साहेब पूर्णवेळ माझ्या शेजारी होते."

"म्हणजे चार-दहाला, कागद म्हणतो साहेब वर लहबीबकडे होते, तेव्हा ते तुमच्या शेजारी कंपनी विकत होते. तुम्ही हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला कागद कोणी दाखवलाच नाही!"

"नाही दाखवला. ती आमची अक्कल." तौरिया स्कालीच्या समोर वाकली. "मी सवयीने फसले, नौफल आळसाने फसला. बुआज्जा बिचारा मशीनला भिऊन स्वतःलाच खोटं समजायला लागला. पण साहेब, तुम्ही कसे फसाल? चार-दहाला आपण कुठे होतो हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. निर्दोष माणूस कागद बघून म्हणाला असता, अहो, हे चुकलंय, मी पाचनंतर वर गेलो. तुम्ही काय केलंत? कागद छापलात, चूक बघितलीत, ती आपल्याला वाचवते आणि राखणदाराला मारते हे तुमच्या लक्षात आलं. मग स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहून दिलंत, चार-दहाला गेलो, साडेचारला खाली आलो. त्या खोट्याची गरज एकाच माणसाला होती."

बदामाच्या कापांवर एक माशी बसली होती.

"तो ऐकत नव्हता," स्काली अखेर म्हणाला. आवाज अजून मऊच होता, म्हणून जास्त भयाण वाटला. "तारीख जाहीर झाली असती तर मार्सेयवाले पळाले असते. मी म्हटलं, दुरुस्ती सोड, पण डिसेंबरचं नाव काढू नकोस. तो म्हणाला, त्या बाईच्या पोरांना मी काय सांगू? आणि माझ्याकडे पाठ करून टाइप करायला लागला. पाठ केली त्याने, लल्ला. माझ्याच कंपनीत."

लॅपटॉप त्याच्या गाडीत, जादा चाकाखाली सापडला.

नौफल त्याला घेऊन गेल्यावर गिझलान दारात उभी राहिली. "दुरुस्ती त्या लॅपटॉपमध्ये आहे. मला द्याल?"

"पुरावा आहे तो. महिनोन्‌महिने सीलबंद राहील."

"तोवर भोक उघडं?" गिझलानने डोळे पुसले आणि बाह्या सारल्या. "ठीक आहे. मग मला ते मढं पहिल्यापासून वाचावं लागेल."

६

गुरुवारी सकाळी नऊ वाजता बुआज्जा सरकारी वकिलापुढे गेला नाही. तौरियाने त्याचे बूट स्वतः आणून दिले. बाहेर फाटकापाशी त्याची बायको रकिया जेलाबा या पायघोळ झग्याची टोपी डोक्यावर ओढून पहाटेपासून उभी होती.

तौरिया त्याच्यासमोर बाकावर बसली आणि सगळं सावकाश सांगितलं. जुनं मशीन, लहबीबची राहिलेली नोंद, मागे पडलेलं घड्याळ, स्काली. पोलिसांच्या वतीने माफी मागितली. सत्तावीस वर्षांत तिने ती कुणाची मागितली नव्हती, त्यामुळे शब्द अडखळले.

"सी बुआज्जा, तुम्ही सहालाच गेला होतात. पहिल्यापासून खरं बोलत होतात. तो तास कधी नव्हताच."

बुआज्जा लेस बांधत होता. गाठ सुटत होती, पुन्हा बांधत होता.

"नव्हता," तो म्हणाला. "बरं झालं, बाई. अल्लाह तुमचं भलं करो."

"चला, घरी जा. रकिया वाट बघतेय."

तो उठला नाही.

"इन्स्पेक्टर साहेब म्हणायचे, सांग, नळकांडं कुठल्या हातात धरलंस? मी म्हणायचो, धरलंच नाही. मग पुन्हा विचारायचे. तिसऱ्या दिवशी म्हटलं, उजव्या. मग विचारायचे, तो कसा पडला? मी म्हटलं, पुढे पडला, हात टेबलावर घासत. शेवटी काय म्हणाला? मी म्हटलं, माझं नाव घेतलं." त्याने आपला उजवा तळवा मांडीवर पालथा ठेवला. "हे सगळं मी सांगितलं, बाई. पण आता ते मला दिसतं. डोळे मिटले की लहबीब पुढे पडतो आणि माझं नाव घेतो. तुम्ही म्हणता तो तास नव्हता. मग हे मी कुठे ठेवू?"

तौरियाने फाटकाबाहेरच्या रकियाला आत बोलावलं.

रकिया आत आली, खाली बसून तिने त्याच्या बुटाची गाठ मारली आणि त्याला दंडाला धरून उठवलं. फाटकातून बाहेर पडताना शिपायाने सलाम केला, तसा बुआज्जा दचकला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले, बेड्या घालायला.

"नको हो," रकिया म्हणाली, आणि त्याचे हात एकेक करून खाली घेतले.